ताकद एकदाच खर्च होते: पहिल्या एकदिवसीय रोड रेसची तयारी

एकदिवसीय रोड रेसचा नियम एका वाक्यात सांगता येतो. सगळे एकत्र सुटतात आणि ज्याचं पुढचं चाक शेवटच्या रेषेला आधी लागेल तो जिंकतो. अनेक दिवस चालणाऱ्या स्टेज रेसमध्ये रोजच्या वेळेची बेरीज होते, आज गमावलेले तीस सेकंद परवाच्या चढावर परत मिळवता येतात. एकदिवसीय शर्यतीत बेरीज नसते, मोजला जातो तो फक्त क्रम. म्हणून इथे हातचं राखून उद्यासाठी काही ठेवायचं नसतं. पण जे आहे ते एकदाच खर्च करता येतं, हेही तितकंच खरं.

पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलामुलींना वाटतं की ज्याचे पाय सगळ्यात दमदार तो जिंकणार. प्रत्यक्षात दमदार पायांची कितीतरी मुलं पहिल्या तासातच सगळं ओतून टाकतात आणि खरी शर्यत सुरू होते तेव्हा मागे पडलेली असतात. ताकद कुठे वाचवायची आणि कुठे उधळायची, हे ज्याला कळतं तो दोन पायऱ्या वरच्या रायडरलाही दमवू शकतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी कागदपत्रं आणि गट

हा भाग कंटाळवाणा आहे, तो लवकर उरका. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, वयाचे गट जन्मवर्षावरून ठरवते. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करा. 17 किंवा 18 आलं तर ज्युनियर, 19 ते 22 आलं तर 23 वर्षांखालील गट, 16 किंवा त्याहून कमी आलं तर युवा गट. वाढदिवस जानेवारीत असो की डिसेंबरमध्ये, फरक पडत नाही. नाव नोंदवताना परवाना, वयाचा पुरावा, पालकांची सही आणि वैद्यकीय दाखला लागतो का हे आयोजकांकडून विचारून घ्या आणि सगळं एका पिशवीत आदल्या आठवड्यातच भरून ठेवा.

अंतराचा अंदाज असावा म्हणून सांगतो. यूसीआयच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत ज्युनियर मुलांना 120 ते 140 किलोमीटर आणि मुलींना 60 ते 80 किलोमीटर जावं लागतं. नवख्यांच्या शर्यती यापेक्षा बऱ्याच छोट्या असतात. पहिली शर्यत निवडताना नियम सोपा ठेवा: सरावात जे अंतर तुम्ही आरामात करता, त्याहून मोठी शर्यत नको. लांबी झेपत नसेल तर बाकी काही शिकायला डोकं मोकळं राहत नाही.

शर्यतीची माहितीपुस्तिका मिळाली की नीट वाचा, आणि एकदा नव्हे, दोनदा. वाहतूक पूर्ण बंद आहे की अर्धा रस्ता चालू आहे? अर्धा चालू असेल तर मधली रेषा ओलांडणं म्हणजे थेट बाद होणं, आणि त्याहून वाईट म्हणजे समोरून येणारी गाडी. खाणं-पाणी कुठून कुठपर्यंत घेता येतं, रिकामी बाटली आणि वेष्टनं कुठे टाकता येतात, फेऱ्यांची शर्यत असेल तर मागे पडलेल्यांना बाहेर काढतात का, हे सगळं त्यात असतं.

सायकल: नवी नको, नीट हवी

पहिल्या शर्यतीसाठी महागडी सायकल घेण्याचा आग्रह धरणाऱ्यांचं ऐकू नका. यूसीआयच्या नियमाने शर्यतीच्या सायकलचं वजन किमान 6.8 किलो असावंच लागतं, म्हणजे हलकेपणाच्या शर्यतीलाही तळ आहे. नवख्याच्या हातात साडेआठ-नऊ किलोची नीट जुळवलेली सायकल असली तर वजनामुळे त्याची शर्यत जात नाही. चुकीच्या उंचीची सीट आणि झिजलेली चेन यांमुळे मात्र जाऊ शकते.

दोन आठवडे आधी मेकॅनिककडून हे बघून घ्या: चेन किती ताणली आहे, ब्रेक पॅड किती उरले आहेत, टायरवर कापे आहेत का, हेडसेट (हँडल जिथे फिरतं तिथली बेअरिंग) सैल आहे का आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर (ती फ्रेमला जोडणारा तुकडा) सरळ आहे का. हँगर थोडा जरी वाकलेला असला तरी मागच्या सर्वात मोठ्या चक्रीवर जाताना डिरेलर आऱ्यांत अडकू शकतो, आणि नेमकी चढावरच ती चक्री लागते. शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र काहीही बदलू नका. नवे क्लीट (बुटाला पेडलवर अडकवणारे तुकडे), नवी सीट, नवे बूट, काहीच नाही.

टायरमध्ये दगडासारखी हवा भरण्याची सवय अजून जात नाही. 28 मिलिमीटरच्या टायरला साठ किलोच्या आसपासच्या रायडरसाठी 65 ते 70 पीएसआय पुष्कळ होतं. ओल्या रस्त्यावर त्याहूनही थोडं कमी. रिम हुकलेस, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली, असेल तर 72.5 पीएसआय ही वरची हद्द आहे, ती कोणत्याही कारणाने ओलांडायची नाही.

गिअरबद्दल एक गोष्ट. ज्युनियरांना पूर्वी पेडलच्या एका फेरीत सायकल 7.93 मीटरपेक्षा पुढे जाणार नाही एवढाच गिअर वापरता येई, म्हणजे साधारण 52 बाय 14 (पुढे 52 दात्यांची चक्री, मागे 14). यूसीआयने 1 जानेवारी 2023 पासून ही मर्यादा काढली. काही देशांच्या संघटनांनी लहान गटांसाठी ती ठेवलेली आहे, तेव्हा आपल्या गटाचं विचारून घ्या. मर्यादा असेल तर शर्यतीनंतर सायकल उलटी ओढून अंतर मोजतात आणि दोन सेंटिमीटर जास्त भरलं तरी निकाल जातो. मर्यादा नसली तरी माझं मत असं आहे की कोवळ्या गुडघ्यांनी जड गिअर दाबत बसू नये. मिनिटाला 90 च्या आसपास पाय फिरवायची सवय लागली की अचानक वेग बदलणं सोपं जातं, आणि रोड रेस म्हणजे सततचे वेगबदल.

हवा समजून घ्या

सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना तुमच्या विरोधात जे काही काम करतं त्यातला 80 ते 90 टक्के वाटा हवेचा असतो. वेग वाढला की हवेचा अडथळा वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. 30 वरून 40 वर जायला हवेपुरती ताकद जवळजवळ 2.4 पट लागते. एकट्याने पुढे पळून राहणं इतकं अवघड का, ते या आकड्यातच आहे.

दुसऱ्याच्या चाकामागे गेलात की हाच हिशोब तुमच्या बाजूने फिरतो. एका रायडरमागे नीट बसलात तर बरीच ताकद वाचते, पण मोठ्या घोळक्याच्या पोटात जे घडतं ते ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बर्ट ब्लोकेन या संशोधकाच्या गटाने 2018 मध्ये 121 रायडरांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या रायडरवरचा हवेचा अडथळा, तोच रायडर एकटा जात असता तर जेवढा असता त्याच्या 5 ते 10 टक्क्यांवर येतो असं त्यात आढळलं. म्हणजे तुम्ही पुढच्या ओळीत छाती काढून हवा फोडत असता तेव्हा मागे कुणीतरी जवळजवळ फुकटात येत असतं.

म्हणून पहिल्या शर्यतीसाठी एकच नियम पाळला तरी चालेल. तोंडावर वारा लागत असेल तर स्वतःला विचारा, "मी इथे का आहे?" उत्तर असेल तर राहा. नसेल तर कुणाच्या तरी मागे जा.

घोळक्यात चालवायला शिका, आणि ते शर्यतीच्या दिवशी नाही

शर्यतीआधीचे सहा ते आठ आठवडे मी सगळ्यात जास्त वजन या कौशल्याला देईन. पायांची ताकद घरी जागच्या जागी सायकल चालवायच्या ट्रेनरवरही वाढते. घोळक्यात चालवणं फक्त घोळक्यात येतं.

सुरुवात दोघांनी करा. पुढच्याच्या मागच्या चाकापासून एक मीटर, मग अर्धा मीटर. नजर त्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे पाहा, चाक नजरेच्या खालच्या कडेला दिसत राहतं. जवळ येऊ लागलात तर ब्रेक दाबू नका. पाय क्षणभर हलके करा किंवा शरीर थोडं वर उचलून हवेला लावा, वेग आपोआप कमी होतो. घोळक्यात एकाने दचकून ब्रेक लावला की मागच्या वीस जणांना तो लावावा लागतो.

एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा: पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक एकमेकांना घासलं तर पडता तुम्ही, तो नाही. त्यामुळे आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी आडवं कधी ठेवायचं नाही. तो जरासा सरकला की तुमचं स्टिअरिंग गेलं. पुढचं चाक सांभाळणं ही तुमची जबाबदारी. तुमच्या मागच्याचं पुढचं चाक ही त्याची, पण म्हणून तुम्ही वेडंवाकडं जायचं असं नाही. सरळ रेषेत चालवणं हा घोळक्यातला शिष्टाचार आहे आणि मोठे रायडर नवख्याला आधी त्यावरूनच जोखतात.

खांदा खांद्याला लागण्याची भीती घालवायला गवताचं मैदान बरं. दोघांनी शेजारी शेजारी चालण्याच्या वेगाने सायकल चालवायची आणि एकमेकांवर हळूच रेलायचं, कोपराला कोपर लावायचं. कोपरं वाकलेली असली तर धक्का तिथेच जिरतो, हात ताठ असले तर तो थेट हँडलपर्यंत जातो. चार-पाच वेळा हे केलं की शर्यतीत कुणी टेकलं तरी हृदय तोंडात येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. चढावर सीटवरून उभं राहताना सायकल क्षणभर मागे ढकलली जाते आणि मागच्याच्या चाकावर आदळू शकते. उभं राहण्याआधी एक गिअर जड करा आणि पेडलवर जोर देत देतच उठा.

वळणांचा सराव स्वतंत्र करा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हात खालच्या पकडीत, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन, आतला पेडल वर, नजर वळण जिथे संपतं तिथे. घोळक्यात असाल तर पुढच्याचीच रेषा धरा, आतून घुसून वाट कापू नका. पाऊस असेल तर रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि पडलेली पानं यांवर सायकल तिरकी करायची नाही.

उतारावर आडव्या नळीवर बसून अंग दुमडण्याची पद्धत आणि कोपरापुढचे हात हँडलवर टेकवून चालवणं, दोन्हींवर यूसीआयने 1 एप्रिल 2021 पासून बंदी घातली आहे. मोठ्यांच्या जुन्या चित्रफितींत दिसतं म्हणून करू नका.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात नवी ताकद येत नाही, थकवा फक्त उतरवता येतो. सरावाचा एकूण वेळ निम्म्यापर्यंत आणा, पण छोटे, जोरदार वेग ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. तेरा ते अठरा वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. आदल्या रात्री उत्साहाने झोप लागली नाही तरी घाबरू नका, त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री नीट झाल्या असतील तर काही बिघडत नाही.

शक्य असेल तर मार्गावरून एकदा जाऊन या, सायकलवरून किंवा गाडीतून. नुसतं "चढ आहे, उतार आहे" एवढं पाहून येऊ नका. चढाच्या आधी रस्ता कुठे अरुंद होतो, झाडं-घरं संपून उघडा माळ कुठे लागतो, शेवटचं वळण रेषेपासून किती मीटरवर आहे, शेवटचे दोनशे मीटर चढते आहेत का, हे टिपा. चार-पाच जागा कागदाच्या चिठ्ठीवर किलोमीटरसह लिहून हँडलच्या स्टेमवर चिकटवा. शर्यतीच्या धामधुमीत आठवणीवर भरवसा ठेवू नये.

वजनाबद्दल इथेच स्पष्ट बोलतो, कारण हा विषय मुलांना आतून पोखरतो. शर्यतीसाठी वजन उतरवायचं म्हणून खाणं तोडू नका. वाढत्या वयात सरावाला पुरेल एवढं अन्न मिळालं नाही तर हाडं, हार्मोन आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असं नाव देऊन तिची दखल घेतली. मुलींची पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हे "सराव चांगला चाललाय" याचं लक्षण मुळीच नाही, ते डॉक्टरकडे जाण्याचं लक्षण आहे. कुणी प्रशिक्षक सगळ्यांदेखत वजनावरून बोलत असेल तर पालकांनी मध्ये पडावं.

औषधांचंही तसंच. उत्तेजक चाचणी वयाने लहान रायडरचीही होऊ शकते, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी रायडरचीच मानली जाते. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ठरावीक प्रमाणापुढे ते शर्यतीच्या काळात निषिद्ध आहे. दम्याचा इनहेलर किंवा कोणतंही नेहमीचं औषध असेल तर ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत आहे का हे आधी तपासून घ्या. ही यादी दरवर्षी 1 जानेवारीला नवी होते. ताकदीच्या पावडरींपासून तर लांबच राहा, डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं यांत फरक निघालेला आहे.

शर्यतीची सकाळ

सुटण्याच्या सुमारे तीन तास आधी ओळखीचं, पोटाला सवयीचं, पिष्टमय जेवण घ्या. तेलकट आणि तंतुमय पदार्थ त्या सकाळी कमी. लवकर पोहोचा. नंबर जर्सीवर न दुमडता, कडा न कापता लावा आणि चारही कोपऱ्यांच्या जोडीने मध्येही पिन घाला. फडफडणारा नंबर वेळ मोजणाऱ्यालाही दिसत नाही आणि हवाही अडवतो. चिप दिली असेल तर सांगितलेल्याच जागी बांधा.

पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करा. शर्यत जितकी छोटी तितकी सुरुवात जोरात होते, त्यामुळे वॉर्मअप जास्त महत्त्वाचा. मग वेळेवर रांगेत लागा. मागे उभे राहिलात तर पहिले दहा किलोमीटर पुढे सरकण्यातच जातात.

बऱ्याच शर्यतींत पहिले काही किलोमीटर पंचांच्या गाडीमागे हळू जायचं असतं, झेंडा खाली आला की खरी सुरुवात. हळू असला तरी हा टप्पा सोपा नसतो. सगळे ताजेतवाने, सगळे घाबरलेले आणि सगळ्यांना पुढे जायचं असतं. ब्रेकवर बोटं ठेवा आणि शक्यतो कडेला राहा, म्हणजे अडलंच तर निसटायला एक बाजू मोकळी असते.

घोळक्यात कुठे बसायचं

पहिल्या दहात नको, शेवटच्या वीसमध्ये तर मुळीच नको. शंभर जणांच्या शर्यतीत पंधरा ते तीस ही जागा नवख्याला सगळ्यात चांगली. वारा लागत नाही, पुढे काय चाललंय ते दिसतं आणि पडापडी बहुतेक तुमच्या मागे होते.

शेपटाला आराम आहे असं वाटतं, ते फसवं आहे. वळणाला पहिले दहा जण जवळजवळ वेग न घटवता जातात. त्यांच्या मागचे थोडा ब्रेक लावतात, त्यांच्या मागचे आणखी, आणि शेवटचे तर थांबायलाच येतात. वळण सुटल्यावर पुढचे आधीच वेगात असतात आणि शेवटच्यांना स्प्रिंट मारून गाठावं लागतं. एका फेरीत आठ वळणं आणि दहा फेऱ्या धरा, म्हणजे ऐंशी स्प्रिंट. तुमच्याहून कमी ताकदीचा मुलगा पुढे बसून हे सगळं वाचवतो.

आपली जागा टिकते असं समजू नका. दोन्ही कडांनी लोक सतत पुढे येत असतात, तुम्ही काही केलं नाही तर आपोआप मागे जाता. म्हणून घोळका मंदावतो तेव्हा, रुंद रस्त्यावर, कुणी पुढे सरकत असेल त्याच्या चाकामागे बसून पुढे या. वेग प्रचंड असताना कडेने एकट्याने वर येण्यात फार ताकद जाते.

बाजूचा वारा सुटला की सगळं गणित बदलतं. वारा डावीकडून असेल तर आडोसा पुढच्याच्या उजवीकडे, जरा मागे मिळतो. त्यामुळे रायडर रस्ताभर तिरकी रांग करतात. रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपते. बाकीचे उजव्या कडेला एकामागे एक, आडोशाशिवाय, आणि पाच मिनिटांत तुटतात. उघड्या माळाची ती जागा चिठ्ठीवर लिहिली होती ना? तिच्या एक-दोन किलोमीटर आधी पहिल्या वीसमध्ये या. नाहीच जमलं आणि बाहेर राहिलात तर कडेला चिकटून झुरत बसू नका. मागच्यांना हाक मारून दुसरी तिरकी रांग करा.

चढाचीही एक युक्ती आहे. पायथ्याला पुढे असाल तर चढावर आपल्या वेगाने जात हळूहळू वीस जागा मागे सरकलात तरी माथ्यावर घोळक्यातच असता. पायथ्याला शेवटचे असाल तर सरकायला जागाच नाही.

खाणं-पाणी

तहान-भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पहिल्या वीस मिनिटांतच घोट घ्यायला सुरुवात करा. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात जास्त. दीड-दोन तासांच्या वरच्या शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, पेयातून किंवा खाण्यातून. सरावात जे पोटाला मानवलं तेच. वेष्टनं आदल्या रात्रीच थोडी फाडून ठेवा. बाटली आणि खाणं काढायची वेळ म्हणजे सरळ, सपाट, शांत रस्ता. उतार आणि वळणाआधी दोन्ही हात हँडलवर.

हल्ला करायचा तर

तरुणांच्या शर्यतीत पहिल्या अर्ध्या तासात इतके अटॅक, म्हणजे एकदम वेग वाढवून घोळक्यातून निसटायचे प्रयत्न, होतात की प्रत्येकामागे धावलात तर संपाल. त्यातले बहुतेक आपोआप विझतात. मोठा गट, आठ-दहा जण, त्यात वेगवेगळ्या संघांचे रायडर, असा गट सुटला तर लक्ष द्या, कारण मग मागून पाठलाग करायला कुणीच उरत नाही.

स्वतः जायचं असेल तर आघाडीवरून वेग वाढवू नका, सगळे तुमच्या मागे बसतील. पाचव्या-दहाव्या जागेवरून, वेग घेऊन, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जा. उत्तम वेळ म्हणजे एखादा पळालेला गट नुकताच पकडला गेला आहे आणि सगळे श्वास घेत एकमेकांकडे पाहत आहेत ती. गेलात की पहिले तीस सेकंद मागे वळून पाहायचं नाही. साथीदार मिळाले तर पुढची पाळी पंधरा-वीस सेकंदांचीच, वेग एकसारखा. ताकद दाखवायला जोरात ओढलंत तर आपलेच सोबती तुटतात.

पंक्चर, पडणं आणि डोकं

पंक्चर झालं तर हात वर करा, सरळ रेषेत कडेला या. मागचं चाक असेल तर चेन मागच्या सर्वात छोट्या चक्रीवर टाकूनच थांबा, चाक पटकन निघतं. मदतगाडी असेल तर कोणतं चाक ते ओरडून सांगा. परत गाठताना गाडीला धरून किंवा तिच्या आडोशाने येणं नियमात बसत नाही. स्टेज रेसमधली "शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात तर वेळ मिळते" ही सवलत एकदिवसीय शर्यतीत नसते. पण मागे पडलं म्हणजे संपलंच असंही नाही. 2018 च्या इन्सब्रुकच्या (ऑस्ट्रिया) ज्युनियर जागतिक शर्यतीत बेल्जियमचा रेमको एव्हनेपूल पडापडीत अडकून मागे राहिला होता, आणि ती शर्यत त्याने एकट्याने पुढे येऊन जिंकली. फुटबॉल सोडून तो सायकलकडे वळला त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र शर्यत तिथेच संपली. चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, कितवी फेरी चालू आहे ते न आठवणं, यातलं काहीही असेल तर पुन्हा सायकलवर बसायचं नाही, मग रायडर कितीही "मी ठीक आहे" म्हणो. आपटलेलं हेल्मेट वरून अखंड दिसलं तरी टाकून द्या.

आणि कुणी रस्त्याबाहेर जाताना दिसलं तर पुढच्या पंचाला किंवा मार्शलला ओरडून सांगा, आपली जागा गेली तरी. सप्टेंबर 2024 मध्ये झुरिकच्या जागतिक शर्यतीत अठरा वर्षांची स्विस ज्युनियर म्युरिएल फुरर पावसात पडली आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. ती पडलेली बराच वेळ कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्यानंतर रायडरांच्या अंगावर जीपीएस ट्रॅकर लावण्याची हालचाल वेगाने झाली, पण छोट्या शर्यतींत तुमचे डोळे हाच ट्रॅकर असतो.

शेवटचा किलोमीटर

एक किलोमीटर उरला की मोठ्या शर्यतीत लाल कमान किंवा झेंडा दिसतो. तिथे पहिल्या दहा-बारात असायला हवं. चांगला स्प्रिंटर ओळखून त्याच्या चाकामागे बसा. आपल्या वयाला पूर्ण जोराचा स्प्रिंट दीडशे ते दोनशे मीटरच टिकतो. समोरून वारा असेल तर उशिरा सुटा, पाठीमागून असेल तर जरा आधी. सुटलात की रेषा बदलायची नाही, डोकं वर, आणि शेवटच्या क्षणी हात सरळ करून सायकल पुढे ढकला. निकाल पुढच्या टायरच्या कडेवर लागतो.

हात वर करायची घाई करू नका. 2020 च्या लिएज-बॅस्टोन-लिएज या बेल्जियमच्या एकदिवसीय शर्यतीत तेव्हाचा जागतिक विजेता ज्युलियन अलाफिलिपने रेषेआधीच हात उंचावले आणि प्रिमोझ रोग्लिचने त्याला तिथे गाठलं. शिवाय स्प्रिंटमध्ये रेषा सोडून दुसऱ्यांच्या वाटेत आल्याबद्दल पंचांनी अलाफिलिपला पाचव्या क्रमांकावर ढकललं. दोन्ही धडे एकाच फोटोत आहेत.

स्प्रिंटसाठी तुम्ही उरला नसाल तर कडेला सरका आणि सरळ रेषेत संपवा. मध्येच पेडल मारणं थांबवू नका, मागून पन्नास जण येत असतात.

आई-बाबांसाठी

खाण्याच्या टप्प्यात उभे राहून बाटली द्यायची असेल तर ती वरच्या टोकाला, दोन बोटांनी, हात लांब करून धरा आणि जागेवरच उभे राहा. रस्त्यात पाऊल टाकू नका. वळणाच्या बाहेरच्या कडेला कधी उभं राहू नये, सायकल घसरली तर तिथेच येते. मूल रेषेवरून आल्यावर पहिला प्रश्न "कितवा आलास" किंवा "कितवी आलीस" असा नको. पाणी द्या, कोरडा शर्ट द्या, आणि थोड्या वेळाने विचारा, "काय काय झालं?" पहिल्या शर्यतीत सोबतच्या निम्म्या मुलांना अर्ध्यातून सोडावं लागलं तरी त्यात लाज नाही. सोडलं असेल तर नंबर काढून पंचांना कळवायला मात्र सांगा, नाहीतर आयोजक हरवलेला रायडर शोधत बसतात.

संध्याकाळी

अर्ध्या-एक तासात नीट जेवा. मग वहीत चार ओळी लिहा: घोळका पहिल्यांदा कुठे ताणला गेला, जिंकणारा गट कुठे सुटला आणि तेव्हा मी कितव्या जागेवर होतो, वारा कुठे उगाच खाल्ला, काय खायचं राहिलं. पडला असाल तर सायकल पुसून फ्रेम आणि फोर्कवर तडे, वाकलेला हँगर, वळलेलं हँडल तपासा. कार्बनचा तडा वरून केसाएवढा दिसतो, शंका असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय त्या सायकलवर बसू नका. दुसऱ्या दिवशी फक्त हलका अर्धा-पाऊण तास, तोही पायांना वाटलं तर.